तुम्ही विचारलंत म्हणून: घुमी मुलगी बोलायला कशी लागली

लग्नात भेटलेल्या मावश्या विचारतात, ऑफिसात नव्याने लागलेले आर्टिकल्स, म्हणजे सीएकडे शिकाऊ काम करणारी मुलं, विचारतात, ज्यांचा मुलगा नुकताच सीएची इंटर सुटलाय त्या आईच्या मैत्रिणी तर फोन करून विचारतात. "तू केवढी घुमी होतीस गं! आर्टिकलशिपमध्ये एवढं बोलायला कुठून शिकलीस? आमच्याला पण चार टिप्स दे." टिप्स नाहीयेत हो. असत्या तर ग्रुपवर टाकून कधीच मोकळी झाले असते.

बोलणं म्हणजे इंग्रजी, हे आधी डोक्यातून काढा. क्लायंटच्या अकाउंट्समधल्या माणसाशी आपण मराठीत बोलतो, नाहीतर हिंदीत. मेल इंग्रजीत जातो, पण त्याचा नमुना सिनियर आर्टिकल देतो, आपण नाव-तारीख बदलायची. सीए इन्स्टिट्यूटचा कोर्सही आहे. फायनलला बसण्याआधी पंधरा दिवसांचा, मॅनेजमेंट अँड कम्युनिकेशन स्किल्स. ग्रुप डिस्कशन, प्रेझेंटेशन, मॉक इंटरव्ह्यू. मला आवडला, ब्लेझरमधले फोटो अजून आहेत. पण ज्या बोलण्याने ऑडिटमध्ये घाम फुटतो, ते तिथे आलंच नाही. ज्याला कागद द्यायचा नाहीये, त्याच्याकडून कागद मागायचा कसा?

एकच प्रसंग सांगते. क्लायंट कोण ते विचारू नका, आमच्या धंद्यात ते सांगत नाहीत.

भोसरीच्या एमआयडीसीतला कारखाना. सप्टेंबर, म्हणजे टॅक्स ऑडिटची, आयकरासाठीच्या हिशेबतपासणीची, घाई, तीस तारीख डोक्यावर. मी कॅश व्हाउचरं बघत होते. तेव्हाच्या आयकर कायद्याच्या कलम ४०ए(३) प्रमाणे एका माणसाला एका दिवसात १०,००० च्या वर रोख दिली, की तो खर्च करातून वजा मिळत नाही. व्हाउचरं तोडून केली तरी बेरीज दिवसाचीच धरतात. माझ्यासमोर हमालीच्या मुकादमाची तीन व्हाउचरं होती. तारीख एक, नाव एक, रक्कम प्रत्येकी ९,५००. तिन्हींवर रेव्हेन्यू स्टॅम्प, तिन्हींवर एकाच बॉलपेनची सही, आणि तिसऱ्या सहीपर्यंत शाई संपत आलेली.

मी उठले आणि जागेवरूनच विचारलं, "काका, ही स्प्लिट केलीयेत का?"

खोलीत स्टोअरचे दोघं होते, डिस्पॅचचा मुलगा होता. अकाउंटंट काकांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "ताई, तुम्हाला कॉलेजात काय शिकवतात मला ठाऊक नाही. इथं शनिवारी माणसं दारात पैशाला उभी असतात." स्टोअरवाले हसले. काकांनी माझ्या पुढ्यातली फाइल उचलली, "जेवणाची वेळ झाली" म्हणाले आणि कपाटाला कुलूप घातलं. जेवणानंतर किल्ली मालकांकडे होती. मालक बाहेर होते. बँकेची फाइल मागितली, तीही त्याच कपाटात. संध्याकाळपर्यंत मी टॅलीतलं तेच लेजर वर-खाली करत बसले. रात्री मालकांचा आमच्या सरांना, मी ज्यांच्याकडे आर्टिकल होते त्या सीएंना, फोन गेला: तुमची मुलगी आमच्या माणसाला चोर म्हणते.

चोर मी म्हटलं नव्हतं. तेव्हाही हेच सांगितलं, आजही सांगते. जे विचारलं ते विचारायलाच मला तिथे पाठवलं होतं.

दुसऱ्या दिवशी सर स्वतः आले. चहा आला. पावसाचं बोलून झालं, काकांच्या गुडघ्याचं झालं. मग सरांनी फाइल मागितली, ती आली. पान उलटून, आवाज जराही न चढवता त्यांनी विचारलं, "काका, हा मुकादम त्या दिवशी तीनदा आला होता, का आठवड्याचं एकदमच घेऊन गेला?"

"एकदमच. वरून सांगतात दहाच्या आत ठेवा, म्हणून तीन केली."

"मग २८,५०० थ्रीसीडीत एकवीस-डीला दाखवावे लागतील."

"दाखवा की. मला काय त्याचं?"

थ्रीसीडी म्हणजे टॅक्स ऑडिटच्या रिपोर्टचा फॉर्म, एकवीस-डी त्यातला असल्या रोख खर्चाचा रकाना. झालं. माझा अख्खा दिवस ज्यात गेला, ते चहा संपायच्या आत उरकलं.

ही गोष्ट मी पुढे बरीच वर्षं फार ऐटीत सांगितली. इंटरव्ह्यूतही. प्रश्न असा विचारावा की समोरच्याला उत्तर देताना मान खाली घालावी लागू नये, वगैरे. इंटरव्ह्यू घेणाऱ्यांनी माना डोलावल्या. आता मला त्या सांगणाऱ्या मुलीचा थोडा राग येतो. सरांचा प्रश्न माझ्यापेक्षा चांगला होता, कबूल. पण रिपोर्टवर सही सरांची होती. त्यांच्यासाठी चहा न मागता आला. मला आदल्या दिवशी प्रिंटरशेजारचं स्टूल मिळालं होतं. त्यांचंच वाक्य, शब्दाला शब्द, मी म्हटलं असतं तर काकांनी खरं सांगितलं असतं? कधी वाटतं, असतं. बहुतेक वेळा वाटतं, नसतं. मुलगी आहे म्हणून? वय कमी म्हणून? की नुसतं आर्टिकल म्हणून? कुणी छातीठोकपणे सांगत असेल, तर त्याने त्या स्टुलावर बसून बघावं.

तरी काही गोष्टी बदलल्या, नाही म्हणत नाही. जागेवरून विचारणं बंद केलं. उठून त्या माणसाच्या टेबलाशी जायचं, खोलीत दुसरं कुणी नसताना. "बऱ्याच व्हाउचरांना सपोर्टिंग नाही" असली मोघम क्वेरी लिहिणं सोडलं. तारीख, व्हाउचर नंबर, पार्टी, रक्कम, आणि नक्की काय हवंय: बिल, का गेट पास, का मंजुरीची सही. असं लिहिलं की निम्मे कागद न बोलता येतात. म्हणजे मी बोलायला शिकले की कमी बोलायला, देव जाणे.

आणि काही ठिकाणी गोडीगुलाबी कामाचीच नाही. बॅलन्स कन्फर्मेशनची पत्रं, म्हणजे क्लायंटचं ज्यांच्याशी देणं-घेणं आहे त्यांना "बाकी एवढीच ना?" असं विचारणारी. अकाउंटंट म्हणतो, "द्या इकडे, आमचा मुलगा कुरिअर करेल." ऑडिटिंगच्या स्टँडर्डप्रमाणे, एसए ५०५, ती पत्रं आपल्या हातून जायला हवीत आणि उत्तरं थेट आपल्याकडे यायला हवीत. तिथे "नको, मीच टाकते" म्हणून पाकिटं उचलायची. समोरच्याला राग येतो. येऊ दे. हे कुठल्याही कोर्सच्या आधी शिकवायला हवं. आता तर नव्या योजनेत, १ जुलै २०२३ पासून लागणाऱ्यांची आर्टिकलशिपच तीनाची दोन वर्षं झालीय.

"मग या टिप्सच झाल्या की," असं मावशी म्हणणार. झाल्या असतील. पण त्यांनी घुमेपणा जायचा नाही. लग्नात मी आजही कोपऱ्यातलीच खुर्ची शोधते, हे तुम्ही बघताच.

काका निवृत्त झाले. त्यांच्या जागी आलेला मुलगा फार चांगला आहे, मागितलेलं सगळं त्याच दिवशी स्कॅन करून पाठवतो. आता त्या फाइली मी तपासते. मागच्या खेपेला एका पेंटरची व्हाउचरं होती, प्रत्येकी ९,५००, सोमवार, मंगळवार, बुधवार, ओळीने. दिवसाची बेरीज मर्यादेच्या आत, कलमाला बोट ठेवायला जागा नाही. त्याला हे कसं विचारायचं ते मला अजून सुचलेलं नाही, आणि क्वेरी लिस्ट शुक्रवारी द्यायचीय.