सत्तावन्नावाच का?

गेल्या वर्षभरात हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारला आहे, की एकदा नीट लिहून उत्तर द्यावे असे वाटू लागले. प्रश्न असा: लग्नाचा पंचविसावा वाढदिवस तुम्ही साजरा केला नाहीत, पन्नासावा मुलांनी केला तेव्हा तुम्ही पाहुण्यासारख्या बसून होतात, मग २०२५ साली सत्तावन्नावा वाढदिवस स्वतः पुढाकार घेऊन, आप्तांना बोलावून, पंगत घालून का केलात? सत्तावन्न हा काय आकडा आहे? तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. पण मी जन्मभर शाळेत गणित शिकवले असल्यामुळे उत्तरात थोडे गणित येणार, त्याला इलाज नाही.

आमचे लग्न खरे तर १९६७ च्या मार्गशीर्षात व्हायचे होते. यजमान तेव्हा कोयनेला पाटबंधारे खात्यात होते. ११ डिसेंबरच्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला, कोयनानगरची घरे पडली, माणसे गेली, आणि लग्नाचा विषय कोणी काढण्यासारखी परिस्थितीच उरली नाही. पुढे धरणाच्या मजबुतीची कामे निघाली आणि रजा केव्हा मिळेल याचा भरवसा राहिला नाही. शेवटी माझ्या सासऱ्यांनी साडेतीन मुहूर्तांपैकी एक धरला, म्हणजे पंचांग पाहायला नको आणि गुरुजींशी वाद नको. अशा रीतीने १९६८ सालच्या अक्षय तृतीयेला, ३० एप्रिल रोजी, मंगळवारी, साताऱ्यात सासरच्या अंगणातल्या मांडवात आमचे लग्न लागले. यजमानांना चार दिवसांची रजा होती, आणि त्यातला एक दिवस प्रवासातच गेला.

लग्नानंतर वर्षभर प्रत्येक गोष्टीची मोजदाद होत असे: पहिला आखाड, पहिला दिवाळसण, हलव्याच्या दागिन्यांची पहिली संक्रांत. मंगळागौर पाच वर्षे पुजली. पाचव्या वर्षी उद्यापन झाले आणि त्यानंतर आमच्या संसाराची वर्षे मोजण्याची रीत घरात उरली नाही. आपल्या जुन्या पद्धतीत पुढची मोजणी एकदम पुरुषाच्या साठीलाच सुरू होते. साठी शांत, सत्तरीची भीमरथी शांत, मग सहस्रचंद्रदर्शन, हे सारे टप्पे त्याच्या वयाचे असतात. बायको शेजारच्या पाटावर बसते आणि गुरुजी सांगतील तेव्हा त्याच्या हाताला हात लावते. २००३ साली यजमानांच्या साठी शांतीला मी तेच केले, आणि मला त्याचा राग आला असेही नाही, परंतु पाटावर बसल्या बसल्या मनात हिशेब चालू होता की या माणसाबरोबर पस्तीस वर्षे झाली आणि तो आकडा या मांडवात कोणाच्याही तोंडी नाही.

रौप्य, सुवर्ण, हीरक ही मोजणी तर बाहेरून आली. हीरकमहोत्सव साठाव्या वर्षी करण्याची चाल व्हिक्टोरिया राणीच्या १८९७ च्या समारंभामुळे रूढ झाली, आणि त्याच समारंभाच्या रात्री, २२ जूनला, पुण्यात गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या. त्यामुळे कोणी आमच्या हीरकमहोत्सवाविषयी विचारले, की माझ्या डोळ्यांपुढे हिऱ्याऐवजी पहिल्यांदा ती खिंडच येते. हे विषयांतर झाले, पण शिक्षिकेला तेवढी मुभा असावी.

आता मूळ मुद्दा. लग्नानंतर पहिल्याच वर्षी घरात वाद उभा राहिला, की लग्नाचा दिवस कोणता धरायचा. सासूबाईंना इंग्रजी तारीख ठाऊकच नव्हती. त्यांच्या लेखी लग्न अक्षय तृतीयेचे होते. यजमान सरकारी नोकर, त्यांचे सगळे जग तारखेवर चाललेले, त्यामुळे ते ३० एप्रिल धरून बसले. मायलेकांपैकी कोणीही मागे हटले नाही. सासूबाई तृतीयेला सकाळी पाट मांडून आम्हा दोघांना ओवाळत, आणि यजमान ३० एप्रिलला संध्याकाळी गजरा आणि पेढ्यांचा पुडा घेऊन येत. ऐकायला हे छान वाटते, परंतु तृतीयेला आमच्याकडे चैत्रगौरीचे शेवटचे हळदीकुंकू असे, म्हणजे औक्षण झाले की लगेच मी आंब्याची डाळ वाटायला आणि पन्हे करायला उठणार. आणि ३० एप्रिल म्हणजे शाळेचे निकालपत्रक तयार करण्याचे दिवस. असे वर्षाकाठी लग्नाचे दोन वाढदिवस येत, आणि त्यांतल्या एकाही दिवशी मला बसायला मिळत नसे.

चांद्र वर्ष सौर वर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी लहान असते, म्हणून तिथी दरवर्षी तारखेच्या मागे सरकत जाते आणि अधिक महिना आला की पुन्हा पुढे येते. परंतु एकोणीस वर्षांत एक गंमत होते. एकोणीस वर्षांचे साधे महिने २२८ आणि अधिक महिने ७, मिळून २३५ चांद्रमास. त्यांचे दिवस आणि एकोणीस सौर वर्षांचे दिवस यांत जेमतेम दोन तासांचा फरक राहतो. ग्रीसमध्ये हे चक्र अथेन्सच्या मेटनच्या नावाने ओळखले जाते, आणि आपल्या पंचांगातल्या अधिक महिन्यांचा मेळही जवळपास असाच बसतो. म्हणून आपल्या जन्माची तिथी आणि तारीख बहुधा एकोणिसाव्या, अडतिसाव्या आणि सत्तावन्नाव्या वर्षी एकत्र येतात. क्वचित एखाद्या दिवसाचा फरक पडतो. लग्नाचेही तसेच.

हे मला वर्गात शिकवताना माहीत होते, पण स्वतःच्या घराला लावून पाहायचे सुचले ते १९८७ साली. पंचांगातले तास पाहिले, तर ३० एप्रिलच्या संध्याकाळी तृतीया चालू होती, आणि एवढे मला पुरले. सासूबाईंना मी सांगितले, की यंदा औक्षण संध्याकाळी करा. यजमान कचेरीतून गजरा घेऊन आले तेव्हा पाट मांडलेला होता, निरांजन लावलेले होते, आणि मी शालू नेसून बसले होते. दोघांच्याही चेहऱ्यावर असे समाधान होते, की समोरच्याने अखेर माघार घेतली. मी कोणालाच काही समजावून सांगितले नाही. माझ्या संसारातला पहिला निवांत वाढदिवस तो. जेवण सासूबाईंनी केले आणि मला पानावरून उठू दिले नाही.

पंचविसावा वाढदिवस १९९३ सालचा. त्या वर्षी मुलीची दहावीची परीक्षा नुकतीच झाली होती आणि घराचे छप्पर उतरवले होते. त्याविषयी सांगण्यासारखे दुसरे काही नाही.

१९९८ साली सासूबाई गेल्या. तिथीचा आग्रह धरणारे घरात कोणी राहिले नाही आणि पुढची काही वर्षे नुसती तारीखच पाळली गेली. २००६ साली ३० एप्रिलला रविवार होता. सकाळी मी उठून पाहते, तो देवघरापुढे पाट मांडलेला, आणि निवृत्त होऊन काही वर्षे झालेला हा माणूस तबकात निरांजन, सुपारी, अंगठी, अक्षता नीट लावून ठेवतो आहे. मी विचारले, ‘हे काय?’ तर म्हणाले, ‘कालनिर्णयवर पाहिलं. आज आईची तिथी आहे.’ आधी मला वाटले ते श्राद्धाविषयी बोलत आहेत. मग ध्यानात आले. ओवाळायला घरात दुसरे कोणी नव्हते, म्हणून मी त्यांना ओवाळले आणि त्यांनी मला, आणि त्यांना तबक कसे फिरवायचे ते जमेना, तेव्हा अक्षता माझ्या केसांत आणि तेलाचा थेंब पाटावर पडला. ३८ वर्षांनी त्यांनी आईची बाजू घेतली होती, आणि तीही ती नसताना.

२०१८ चा सुवर्णमहोत्सव मुलांनी प्रेमाने केला, याबद्दल माझ्या मनात किंतु नाही. मंगल कार्यालय, तीनशे माणसे, जुन्या फोटोंची चित्रफीत, आणि सूत्रसंचालन करणारी एक उत्साही मुलगी, जिने यजमानांच्या हाती माईक देऊन ‘आजोबा, आजींना काहीतरी रोमँटिक बोला’ असा आदेश दिला. यजमानांनी माईकमध्ये विचारले, ‘जेवणं झाली का सगळ्यांची?’ त्या दिवशी वैशाखी पौर्णिमा होती. आमची तृतीया होऊन बारा दिवस लोटले होते. नंतर २०२४ साली यजमानांचे सहस्रचंद्रदर्शन झाले. हजार पौर्णिमा पाहायला ८० वर्षे आणि साधारण १० महिने लागतात. त्या समारंभात नातीने मोबाइलवर माझाही हिशेब केला आणि सांगितले, की आजी, तुझ्या हजार पौर्णिमा २०२८ च्या ऑगस्टमध्ये पुऱ्या होतात. हे तोवर कोणी मोजले नव्हते, मीसुद्धा.

तर सत्तावन्नावा का, याचे उत्तर एवढेच, की आमच्या घरात तिथी आणि तारीख एकोणीस वर्षांनी भेटतात आणि ही तिसरी भेट होती. अकरा माणसे बोलावली होती. २०२५ सालच्या ३० एप्रिलला तृतीया दुपारी दोन वाजून गेल्यावर संपत होती, म्हणून औक्षण सकाळी केले आणि एक वाजता पंगत बसवली. आमरस, पुरी, आंब्याची डाळ आणि पन्हे असा बेत होता, आणि डाळ वाटायला मी उठले नाही. यजमानांनी या वेळी तबक बरोबर फिरवले.

जेवताना नातीने विचारले, की पुढची भेट केव्हा. मी सांगितले, २०४४. यजमान वयाच्या शंभरीत असतील आणि मी शहाण्णव वर्षांची. त्यांनी वाटी पुढे केली आणि रस वाढायला सांगितला.