नाशिक ते न्यूयॉर्क: आईच्या गोळ्यांचा हिशेब

आई पहिल्यांदाच ताईकडे, न्यूयॉर्कशेजारच्या न्यू जर्सीला निघाली होती. डॉक्टरांनी विचारलं, "एकूण किती तासांचा प्रवास?" इन्सुलिन आणि गोळ्यांच्या वेळा त्यावर ठरणार होत्या. तिकिटावर लिहिलं होतं: मुंबई रात्री 1:30, न्यूयॉर्क सकाळी 7:00, तारीख एकच. आई चष्मा कपाळावर सरकवून म्हणाली, "साडेपाच तासांत अमेरिका? मग ताई इतकी रडते कशाला?"

तिकिटावरच्या दोन्ही वेळा आपापल्या गावच्या. जानेवारीत न्यूयॉर्क आपल्या साडेदहा तास मागे असतं, म्हणजे साडेपाचात साडेदहा मिळवायचे: 16 तास. (उन्हाळ्यात तिकडची घड्याळं तासभर पुढे करतात, तेव्हा साडेनऊच मिळवायचे.) पण हे झाले विमानाचे. नाशिकहून सहारला, म्हणजे मुंबईच्या विमानतळावर, चार तास, त्यात कसाऱ्याला ट्रॅफिक लागलं तर देव जाणे. उड्डाणाच्या तीन तास आधी हजर. पलीकडे इमिग्रेशनची रांग, सामान, ताईच्या घरापर्यंतची गाडी. घर ते घर सव्वीस तास धरा, असं डॉक्टरांना सांगितलं. आणि शनिवारी दीडचं विमान म्हणजे शुक्रवारी संध्याकाळी घर सोडायचं, हे कॅलेंडरवर लाल पेनाने लिहून ठेवलं.

अंतर साधारण 12,550 किलोमीटर. पृथ्वीगोलावर मुंबई ते न्यूयॉर्क दोरा ताणून पाहिला तर तो अरबस्तानावरून जातच नाही. मॉस्कोजवळून, स्वीडनवरून, आइसलंडवरून, ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाजवळून खाली न्यूयॉर्कला उतरतो. विमान मात्र दोऱ्यावरून जाईलच असं नाही. एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानची हवाई हद्द आपल्या कंपन्यांना बंद झाली, आणि वळसा आला की वेळ वाढतो.

लंडनला थांबून जाण्याचा पर्यायही पाहिला. गंमत म्हणजे त्याने अंतर जेमतेम दोनशे किलोमीटरनेच वाढतं, कारण इतक्या लांबच्या वाटेत बाजूच्या वळशाने अंतर फारसं वाढत नाही. वाढतात ते तास: उतरा, पुन्हा सिक्युरिटी, पुन्हा चढा. सत्तरीच्या बाईला व्हीलचेअरवरून दोनदा हलवण्यापेक्षा थेट विमान बरं, भाडं जास्त पडलं तरी. ताईचं मत वेगळं होतं, पण पैसे ती देत नव्हती.

डॉक्टरांनी वेळा भारतीय घड्याळाप्रमाणेच लिहून दिल्या, घरी पोचल्यावर तिकडच्या वेळेला कसं वळायचं तेही सांगितलं. आईच्या मनगटावरच्या घड्याळाला हात लावायचा नाही, असं ठरलं. इन्सुलिन, गोळ्या आणि चिठ्ठी हातातल्या पिशवीत. चेक-इनच्या बॅगेत काही नाही.

परतीचं गणित उलटं. न्यूयॉर्क दुपारी 12:00, मुंबई दुसऱ्या दिवशी दुपारी 1:15. सव्वापंचवीसातून साडेदहा वजा करा, पावणेपंधरा तास. वरचे वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात, हिवाळ्यात जास्तच जोरात, म्हणून येताना वेळ कमी. डॉक्टरांकडून परतीची चिठ्ठी वेगळी लिहून घेतली.