जन्मदाखल्यातली रिकामी ओळ

परवा आमच्या चर्चच्या गायनवृंदातली एक मुलगी घरी आली. तिला सोप्रानो, म्हणजे ऑपेरात (पाश्चात्त्य संगीतनाटकात) स्त्रियांच्या सर्वांत उंच पट्टीत गाणारी गायिका व्हायचंय, परदेशी जाऊन शिकायचंय. आधी काय करू, असं तिने विचारलं. मी म्हटलं, आधी तुझा जन्मदाखला काढून बघ. ती माझ्या तोंडाकडे बघतच राहिली. तिच्यासाठी, आणि सोलापुरातून या वाटेला निघणाऱ्या कुणासाठीही, हे लिहिते आहे.

२०२४ च्या मे महिन्यात माझ्याकडे लंडनच्या एका संगीत महाविद्यालयाचा पदव्युत्तर प्रवेश होता आणि फीचा मोठा भाग उचलणारी शिष्यवृत्ती होती. त्यामागे दर शनिवारी पहाटेच्या हुतात्मा एक्सप्रेसने पुण्याला गाण्याच्या बाईंकडे जाऊन केलेली सात वर्षांची शिकवणी होती. निवडीसाठी गाण्याचं रेकॉर्डिंग आम्ही चर्चमध्येच केलं. ते मध्ये कुठेही न कापता पाठवायचं असतं, म्हणून शेजारचे यंत्रमाग बंद असतील अशी वेळ शोधावी लागली. एक इटालियन, एक जर्मन आणि एक इंग्रजी रचना गायले. मग मुलाखत, मग पत्र. ते सगळं सरळ पार पडलं.

अडलं ते नमुना ५ पाशी. जन्मदाखल्याला सरकारी भाषेत तेच म्हणतात.

इंग्लंडच्या विद्यार्थी व्हिसासाठी उरलेली फी आणि नऊ महिन्यांचा राहण्याचा खर्च बँकेत दाखवावा लागतो. तेव्हा लंडनसाठी महिन्याला १,३३४ पौंड धरत, म्हणजे एकूण १२,००६ पौंड. आता आकडा वाढला आहे, अर्ज भराल त्या दिवशीचा बघा. ही रक्कम खात्यात सलग २८ दिवस हवी, एक दिवसही खाली गेलेली चालत नाही. पप्पांची ठेव आमच्या पेठेतल्या पतसंस्थेत होती. ती मोडून राष्ट्रीयीकृत बँकेत आणली आणि तिथून दिवस मोजायला लागलो. पैसे पालकांच्या नावावर असले की त्यांचं संमतीपत्र लागतं आणि नातं दाखवायला जन्मदाखला लागतो. आधार किंवा रेशनकार्डावर ते भागत नाही.

आईने कपाटातून दाखला काढला. ‘बालकाचे नाव’ या ओळीपुढे काहीच नव्हतं. आणि वडिलांच्या नावाच्या जागी पप्पांचं घरात हाक मारायचं नाव!

पहिलं बाळंतपण माहेरी, तशी माझी नोंद १९९९ साली आईच्या माहेरच्या गावी झाली. गावाचं नाव लिहीत नाही. दवाखान्यात नोंद सांगायला मामा गेला होता, त्याने तोंडात बसलेलं नाव सांगितलं. बारसं नंतर झालं आणि माझं नाव कळवायला कुणी गेलंच नाही. पंचवीस वर्षं कुणाला त्याची गरजही पडली नाही.

सोलापूरहून एसटीने तीन तास. पहिल्या फेरीला माणसं निवडणुकीच्या कामावर गेलेली, अजून परतायची होती. दुसऱ्या फेरीला खिडकीतल्या गृहस्थांनी दाखला हातात न घेताच सांगितलं, “नाव घालायची मुदत पंधरा वर्षं. तुमची कधीच संपली, ताई.” मी परत आले आणि रात्रभर जागी राहिले. खरं तर महाराष्ट्रात ही मुदत वाढवून दिलेली होती. मामाने सेतू केंद्रातून परिपत्रकाची प्रत मिळवली आणि तिसऱ्या फेरीला आम्ही ती खिडकीत ठेवली. तेव्हा कळलं की १९९९ चं रजिस्टर दुसऱ्या इमारतीत आहे आणि त्या खोलीची किल्ली ज्यांच्याकडे आहे ते रजेवर आहेत.

जुलै उजाडला. लाडकी बहीण योजनेचे अर्ज सुरू झाले आणि दाखल्यांसाठी बायकांच्या रांगा थेट रस्त्यापर्यंत आल्या. त्यांचं काम माझ्यापेक्षा कमी महत्त्वाचं होतं असं मी म्हणणार नाही. कितीतरी जणी कडेवर पोर घेऊन सकाळी सातपासून उभ्या होत्या. पण खिडकी एकच होती.

आवाजाचं एक सांगते. ऑपेरात माइक नसतो. अख्ख्या वाद्यवृंदावरून आवाज शेवटच्या रांगेपर्यंत आपला आपण पोचवायचा असतो, आणि तो श्वासाच्या आधारावर जातो, गळ्याच्या जोरावर नाही. त्या खिडकीपाशी पंख्याच्या घरघरीत आणि गर्दीच्या गलक्यात मी दोन तास गळ्याच्या जोरावर बोलले. घरी आले तेव्हा वरचे सूर लागेनात. चार दिवस बाईंनी मला गायला तर नाहीच, बोलायलाही मनाई केली. गाणाऱ्या माणसाने अशा ठिकाणी एकटं जाऊ नये. बोलायला कुणीतरी सोबत न्या, आपण फक्त कागद पुढे करा.

त्यानंतर मी गेले नाही. मामा गेला, आठवड्यातून दोनदा, शेतातली कामं टाकून. माझं नाव घालायला शाळा सोडल्याचा दाखला आणि पालकांचे आधार पुरले. पप्पांचं नाव बदलायचं म्हणजे दुरुस्ती, तिचं कलम वेगळं. तिला प्रतिज्ञापत्र लागलं आणि माहीतगार अशा दोन माणसांची निवेदनं लागली. मामाने गावातल्या दोन म्हाताऱ्या शेजाऱ्यांना रिक्षाने नेलं. साहेब बैठकीला गेलेले, म्हणून दोघं दुपारभर बाकावर बसून राहिले. दुसऱ्या दिवशी पुन्हा आले. त्या दोघांचे उपकार मी विसरणार नाही. खिडकीतल्या गृहस्थांना मामा शेवटी म्हणाला, “पोरीचं शिक्षण अडलंय ओ, सही तेवढी राहिलीय.” सही व्हायला आणखी सहा दिवस लागले.

बाई म्हणत, सोप्रानोला थांबता आलं पाहिजे. मोठ्या, जड भूमिका विशीत गायल्या की आवाज मोडतो, म्हणून तिशी ओलांडेपर्यंत त्या बाजूला ठेवायच्या. मुंबईत जन्मलेल्या सोप्रानो पॅट्रिशिया रोझारिओ लंडनच्या गिल्डहॉल या संगीत विद्यालयात शिकून जगभर गायल्या, त्यांचं उदाहरण बाई नेहमी देत. तसं थांबायला माझी आजही तयारी आहे. मोझार्टच्या ‘फिगारोचं लग्न’ या ऑपेरातली सुझानाची भूमिका माझ्या आवाजाला बसते, पण ती पूर्ण पेलायला अजून दोन-तीन वर्षं लागतील आणि त्यात मला आनंद आहे. किल्ली रजेवर आहे म्हणून थांबण्यात कसला आलाय आनंद? त्याचा राग अजून जात नाही.

१ ऑगस्टला मामाचा फोन आला. दाखला हातात होता. त्याने फोनवर माझं पूर्ण नाव, मग पप्पांचं पूर्ण नाव मोठ्याने वाचून दाखवलं आणि पुढे त्याला बोलवेना. आईने फोन घेतला.

बँकेचं पत्र तोवर जुनं झालं होतं. पत्रातली शेवटची तारीख अर्जाच्या आधीच्या ३१ दिवसांतली लागते, म्हणून ते नव्याने घेतलं. पप्पांनी खात्याला हात लावला नव्हता म्हणून निभावलं. क्षयरोगाची तपासणीही पुन्हा करावी लागली, कारण तो दाखला सहाच महिने चालतो आणि मी उत्साहाने जानेवारीतच करून बसले होते. ही तपासणी ठरलेल्या केंद्रांवरच होते, सोलापुरात होत नाही. तिची वेळ सगळ्यात शेवटी घ्या. बोटांचे ठसे पुण्यात दिले आणि ऑगस्ट संपायच्या आत व्हिसा आला. निघताना आईने बॅगेत शेंगाचटणी आणि कडक भाकरीची चवड भरली, ती ऑक्टोबरपर्यंत पुरली.

त्या मुलीला सांगायची आणखी एक गोष्ट राहिली होती, ती संध्याकाळी फोन करून सांगितली. पैसे पालकांच्या खात्यात न ठेवता स्वतःच्या खात्यात २८ दिवस ठेवले, तर हे नातं दाखवावंच लागत नाही. मला हे जुलैच्या शेवटी कळलं. तेव्हा नव्याने २८ दिवस मोजायला वेळ उरला नव्हता. तिचं अजून खातंच नाही. सोमवारी आम्ही दोघी ते उघडायला जाणार आहोत.