नाना, फ्रीझिंग आणि तो रोबोटिक सूट

पार्किन्सन्स म्हटलं की लोकांना थरथरणारे हात तेवढे आठवतात, पण घरात खरा वैताग देतं ते फ्रीझिंग, म्हणजे चालता चालता पाय जागीच थिजणं. आमचे नाना नाशिकच्या गोल्फ क्लबच्या ट्रॅकवर सकाळी झकास चालतात आणि घरी आले की बाथरूमच्या दारात पाय एकदम लॉक, अंग पुढे झुकलेलं नि पावलं मागेच, त्यात आई मागून "अहो चला ना" करते मग तर अजूनच अडकतात.

तर सध्या एक्सोस्केलेटनचं, म्हणजे चालायला मदत करणाऱ्या अंगावर घालायच्या यंत्रांचं वाचतोय. मोठे सांगाडेवाले मशीन असतातच, पण मला पटला तो हार्वर्ड आणि बोस्टन युनिव्हर्सिटीवाल्यांचा मऊ सूट, जानेवारी 2024 मध्ये नेचर मेडिसिन या जर्नलमध्ये आलाय. कंबरेला आणि मांड्यांना पट्टे, सेन्सर चाल ओळखतात आणि पाय पुढे टाकायच्या नेमक्या वेळी मोटर केबल ओढून खुब्याला हलकासा जोर देते, बस एवढंच! 73 वर्षांच्या एका पेशंटचं बंदिस्त जागेत चालताना अडकणं थांबलं. माणूस एकच होता हां, आणि सूट काही डोपामिन (पार्किन्सन्समध्ये मेंदूत कमी पडणारं रसायन) देत नाही, गोळ्या वेळेवर घ्याव्याच लागतात.

इकडे आमच्या फिजिओ मॅडमनी दारापुढे फरशीवर रंगीत टेपच्या आडव्या पट्ट्या मारायला लावल्या, एकेक ओलांडायची, मोठ्याने आकडे म्हणत. नाना त्यावरून बऱ्यापैकी जातात. फक्त मावशी फरशी पुसताना टेप उखडतात, त्यावरून रोज भांडण.