जरा मोकळं करा

रिव्ह्यूमध्ये क्लायंट एवढंच म्हणाले, "फॉर्म फार गच्च वाटतोय, जरा मोकळा करा." मी मान डोलावली, टीमला 'स्पेसिंग वाढवा' असा दोन शब्दांचा निरोप टाकला आणि पुढच्या मीटिंगला पळालो.

आता आमच्या स्क्रीन डिझाइनच्या कामात 'स्पेसिंग' म्हणजे निदान पाच वेगळ्या जागा. विशिष्ट दोन अक्षरांमधली फट जुळवणं हे कर्निंग. सगळ्या मजकुरातली अक्षरं सारखीच सैल किंवा घट्ट करणं हे ट्रॅकिंग. दोन ओळींमधलं अंतर म्हणजे लेडिंग. (लीडिंग नव्हे! खिळे जुळवायच्या काळात ओळींमध्ये शिशाच्या पट्ट्या घालत, त्यावरून हे नाव. अनुभवी लोकही चुकीचं म्हणतात आणि मला दर वेळी टोचतं.) शिवाय चौकटीच्या आतलं पॅडिंग आणि बाहेरचं मार्जिन.

नव्या डिझायनरने ट्रॅकिंग वाढवलं. रोमन लिपीत हे खपून जातं. देवनागरीत शिरोरेषा तुटते. 'मोबाइल क्रमांक' वाचताना दात पडल्यासारखं दिसत होतं. डेव्हलपरने न विचारता प्रत्येक रकान्याचं पॅडिंग वर आणि खाली, दोन्हीकडे 8 वरून 16 पिक्सेल केलं. नऊ रकाने, म्हणजे 144 पिक्सेल उंची वाढली आणि 'पुढे जा'चं बटण फोनच्या स्क्रीनखाली गेलं. आमच्या मोठाल्या मॉनिटरवर ते कुणाला दिसणार?

खरं दुखणं लेडिंगचं होतं. टेम्प्लेट इंग्रजीसाठी बनवलेलं, ओळीची उंची अक्षराच्या 1.2 पट. त्यात वरच्या ओळीतले उकार खालच्या ओळीतल्या वेलांटी-रफारांवर आदळत होते. तेवढी दीडपट केली असती तर काम भागलं असतं. तुटलेली शिरोरेषा मी टेस्टच्या, म्हणजे खऱ्या वापरणाऱ्यांना फॉर्म भरायला देऊन बघण्याच्या, दिवशी सकाळी पाहिली आणि ट्रॅकिंग शून्यावर आणलं. पॅडिंगचं मला माहीतच नव्हतं.

टेस्टला आलेल्या एका वयस्क गृहस्थांनी नऊही रकाने नीट भरले, फोन टेबलावर ठेवला आणि हात जोडून बसले. आम्ही गप्प. टेस्टमध्ये मदत करायची नसते, हा नियम त्या दिवशी फार क्रूर वाटला. मिनिटभराने ते म्हणाले, "झालं ना?" मी विचारलं, "तुम्हाला काय वाटतं?" त्यांनी पुन्हा फोन उचलला, पाहिलं. "माझंच काहीतरी चुकलं असेल. मला हे फोनचं फारसं जमत नाही."

रिपोर्टच्या साच्यात 'युजर एरर' असा एक रकाना आहे. तो कोणी घातला कोण जाणे. सवयीने मी तिथेच लिहायला सुरुवात केली होती, 'स्क्रोल केलं नाही'. मग खोडलं.

दुसऱ्या दिवशी डेव्हलपर म्हणाला, "तूच तर स्पेसिंग म्हणालास." खरंय. आणि क्लायंटला "मोकळं म्हणजे नेमकं कुठे?" हे विचारायला मला दहा सेकंद लागले असते.