सॉफ्टनरचा बायपास गळतोय? पाना नंतर, आधी टिश्यू पेपर

आमच्याकडे पुण्याजवळ वाघोलीला बोअर आणि टँकरचं मिक्स पाणी, हार्डनेस (पाण्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार) कायम ४५० पीपीएमच्या वर, बीआयएसची (भारतीय मानक ब्युरो) पिण्याच्या पाण्याची मर्यादा २०० (दुसरं पाणीच नसेल तर ६०० पर्यंत चालतं), त्यामुळे हे क्षार काढणारा सॉफ्टनर बंद ठेवून चालतच नाही. सॉफ्टनरला वगळून पाणी थेट घरात वळवणाऱ्या बायपास व्हॉल्व्हखाली पाणी साचायला लागलं तेव्हा प्लंबर म्हणाला वरून एम-सील लावून टाकू. मी नको म्हटलं, कारण एकदा ते लावलं की जॉइंट कायमचा जाम, पुढच्या वेळी अख्खा बायपास तोडायचा.

आधी गळतंय कुठून ते शोधा. सगळे जॉइंट कोरडे पुसून प्रत्येकाला टिश्यू पेपर गुंडाळा नि थोडा वेळ थांबा, पाणी ओघळत येतं त्यामुळे थेंब पडतो तिथेच लीक असेल असं नाही. पांढरा थर पण बरंच सांगतो. ओल्या फडक्याने निघाला तर बहुतेक सॉफ्ट पाण्याची बाजू, नखाने खरवडूनही हलत नसेल तर इनलेटची, म्हणजे हार्ड पाणी आत येतं ती. आमचा दगडासारखा घट्ट होता, आणि बायपास कंट्रोल व्हॉल्व्हमध्ये (सॉफ्टनरच्या डोक्यावरचा भाग) बसतो तिथली इनलेटची ओ-रिंग (गोल रबरी रिंग) एकाच बाजूने चपटी झालेली.

खोलायच्या आधी बायपासवर टाकून बॅकवॉश (सॉफ्टनरची उलट्या दिशेने धुलाई) सुरू करा म्हणजे आतलं प्रेशर निघून जातं, मग पंप आणि सॉफ्टनरचा विजेचा प्लग दोन्ही बंद. जुनी ओ-रिंग घेऊनच दुकानात जा, अंदाजाने आणू नका. नवीनला सिलिकॉन ग्रीस, व्हॅसलीन अजिबात नको, त्याने बऱ्याच ओ-रिंगचं रबर फुगतं. टेफ्लॉन टेपचं इथे कामच नाही, ती आट्यांसाठी. नट हातानेच आवळा, पाना मारला की प्लास्टिकला चीर जाते.

पण एकाच बाजूने चपटी का, हे महत्त्वाचं. वरून येणारा सीपीव्हीसी पाइप क्लॅम्पशिवाय लटकत होता, सगळं वजन बायपासवर, पंप सुरू झाला की हलायचा. भिंतीला क्लॅम्प मारून घेतले, माझ्या मते खरी दुरुस्ती तीच.

आणि बाहेरून कोरडा म्हणजे बायपास चांगला असंही नाही हं. तीन बॉल व्हॉल्व्हवाला असेल तर तिन्ही बंद करून घरातला नळ उघडा, पाइपमधलं पाणी संपल्यावरही धार चालूच राहिली तर बहुतेक मधला व्हॉल्व्ह पासिंग करतोय (बंद असूनही पाणी सोडतोय), म्हणजे सॉफ्टनरला मीठ तुम्ही भरताय आणि हार्ड पाणी परस्पर बाथरूममध्ये जातंय. रेझिन (सॉफ्टनरमधले क्षार पकडणारे मणी) बदला असं कोणी सांगितलं तर पैसे द्यायच्या आधी ही टेस्ट नक्की करा.