डॉपलर कोणता, धमनीचा की शिरेचा? : माझा अनुभव

मांडीला पट्टा बांधायचा, रक्त थोडं अडवायचं आणि हलक्या वजनाचा व्यायाम करायचा. काम तसं सोपं, अर्ध्या तासात आटोपतं. त्याची परवानगी मिळवताना मात्र माझा जीव मेटाकुटीला आला. म्हणून हे लिखाण व्यायामापेक्षा एका काउंटरबद्दलच जास्त होणार, आधीच सांगते.

माझ्या गुडघ्यांची झीज झालेली. जड वजन उचललं की कळ येते आणि उचललं नाही तर मांडीत ताकद येत नाही. जुळे सोलापुरातला माझा फिजिओ माझाच जुना विद्यार्थी. म्हणाला, "बाई, एका दमात जास्तीत जास्त जेवढं उचलता, त्याच्या २० ते ३० टक्केच लावू. पट्ट्यामुळे स्नायूला तेच जड जातं." ही युक्ती जपानच्या योशिआकी सातोंची. १९६६ मध्ये एका बौद्ध विधीत ते बराच वेळ पाय दुमडून बसले, पोटऱ्या बधिर झाल्या आणि भरपूर व्यायाम केल्यावर येतो तसाच ताठरपणा त्यांना जाणवला. कीर्तनाला बसून आपल्याही किती पिढ्यांचे पाय बधिर झाले, पण उठताना "अगं आई गं" यापलीकडे कुणी गेलं नाही.

मग त्याने माझ्या पोटरीमागच्या निळ्या, फुगलेल्या नसा पाहिल्या. उभी हयात फळ्यापुढे उभं राहण्यात गेली, त्याची ती पावती. "बाई, नसांचा डॉपलर, म्हणजे रक्ताचा प्रवाह दाखवणारी सोनोग्राफी, काढून आणा. आत रक्ताची गुठळी नाही ना, ते कळेल. आणि पट्टा चालेल असं डॉक्टरांकडून लेखी आणा."

झालं. इथून पुढे माझं गाडं रुतलं.

सोनोग्राफी सेंटरच्या काउंटरवर सांगितलं, फिजिओची चिठ्ठी चालत नाही, डॉक्टरांची आणा. डॉक्टरांकडे गेले. त्यांनी मान वर न करता 'दोन्ही पाय, डॉपलर' एवढंच लिहिलं. ते घेऊन परत सेंटरला. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "मावशी, कुठला? धमनीचा का शिरेचा? दोन्ही वेगळे असतात, पैसेपण वेगळे." म्हटलं, डॉक्टरांना फोन लावा. डॉक्टर ऑपरेशनमध्ये. मग म्हटलं, शिरांचा करा, कारण माझी शंकाच शिरांची आहे. तर म्हणे, "चिठ्ठीवर नाही तर आम्ही कसं करणार?" बाहेर एप्रिलचं सोलापुरी ऊन, आत एकच पंखा आणि तोही काउंटरच्या आतल्या बाजूला. सोनोग्राफीचे डॉक्टर संध्याकाळीच येतात, हे तासभर बसवून ठेवल्यावर सांगितलं. वर्गात एवढा गोंधळ मी एक तास चालू दिला नसता.

चिठ्ठीवर तो एक शब्द वाढवून आणला तेव्हा कुठे आत घेतलं. तपासणी मात्र झकास. पोटरीला गार जेल, मशीनवाली बाई पोटरी दाबते आणि यंत्रातून वारा सुटल्यासारखा आवाज येतो. आधी आडवं करून पाहतात, मग उभं करून, कारण शिरांतल्या झडपा (रक्त खाली परतू न देणाऱ्या) गळतात का ते उभ्यानेच नीट कळतं. (सैल सलवार किंवा गाऊन घालून जा. मी साडी नेसून गेले आणि सगळा वेळ निऱ्या सावरत होते.)

रिपोर्टमध्ये गुठळी नाही, झडपा थोड्या सैल. शेवटची ओळ : क्लिनिकल तपासणीशी पडताळून पाहावे. डॉक्टर म्हणाले, "गुठळी नाही ना? मग माझ्याकडे कशाला आलात?" पट्ट्याचं सांगितल्यावर मात्र सावध झाले. "रक्त अडवायचं? कुणी सांगितलं हे?" आणि लेखी काही देईनात. शेवटी फिजिओलाच अर्धं पान लिहायला लावलं : अमुक दाब, अमुक वेळ, रुग्णाला पूर्वी गुठळी झालेली नाही, चालेल की नाही? खाली हो-नाहीचे चौकोन. डॉक्टरांनी दोन मिनिटांत 'हो'वर खूण करून सही ठोकली. तुम्हीही हेच करा, आणि पहिल्याच दिवशी करा. डॉक्टरांना निबंध लिहायला सांगू नका, रिकाम्या जागा भरायला द्या.

पुढचं सगळं भराभर झालं. पट्टा फुगवत घोट्याच्या आतल्या बाजूला छोट्या डॉपलरने नाडी ऐकायची. आवाज बंद होतो तो आकडा धरायचा आणि त्याच्या ४० ते ८० टक्के दाब ठेवायचा. माझा आवाज १८० ला (बीपीच्याच मापात) थांबला, म्हणून पट्टा ९० वर. हलकं वजन पहिल्यांदा ३० वेळा उचलायचं, मग १५-१५-१५, मध्ये अर्ध्या मिनिटाची विश्रांती. शेवटच्या पंधरात मांडी पेटते, ते अपेक्षितच असतं.

रक्तवाहिन्यांना याचा फायदा होतो का, हे मी फिजिओला खोदखोदून विचारलं. पट्टा सुटला की अडलेलं रक्त जोरात धावतं, वाहिनीच्या आतल्या अस्तराला त्याचं घर्षण जाणवतं, अस्तर नायट्रिक ऑक्साइड सोडतं आणि वाहिनी सैलावते. हा वायू शरीरात रक्तवाहिन्यांना असा निरोप देतो, या शोधाला १९९८ चं नोबेल मिळालं. पण पट्टा असताना रक्त थोडं उलटंही हेलकावतं आणि ते अस्तराला मानवत नाही. कदाचित म्हणूनच काही अभ्यासांत वाहिन्यांची लवचीकता सुधारलेली दिसते, काहींत फरकच नाही. अभ्यास बहुतेक छोटे आणि काही आठवड्यांचे. त्यामुळे मी मांडीच्या ताकदीसाठी करते. तो फायदा पक्का आहे, जिना चढताना कळतो. वाहिन्यांचं भलं झालं तर वरकड.

बीपीचं सांगायचं राहिलं. पट्टा बांधून केलं की तेच हलकं वजन असूनही बीपी जास्त चढतं. गोळी चालू असेल तर ती घेऊनच जा आणि आधी मोजून घ्या. बीपी आटोक्यात नसेल, पूर्वी पायात गुठळी झाली असेल किंवा दिवस गेले असतील, तर हा प्रकार नकोच.

आमच्या गल्लीतली जिमची पोरं दंडाला इलॅस्टिकची पट्टी करकचून बांधतात. एकाला विचारलं, किती दाब आहे रे? म्हणे, "घट्ट आहे, आजी." अरुंद पट्टीला रक्त अडवायला जास्त दाब लागतो आणि तो मज्जातंतूंवर एकाच जागी पडतो, हे त्याला सांगितलं. त्याने मान डोलावली आणि आणखी एक वेढा मारला.